वरातीला सांगायचं गाव

धोंडवाडी, गोरेगावच्या वरच्या अंगाला
माघ वद्य तृतीया, सन १९३९

गोजरे,

हे पत्र सखुमावशीच्या नावाने हट्ट्याला पाठवतो आहे. तिला वाचता येत नाही हे बरंच आहे. तू वाच आणि चुलीत घाल. माझ्या अक्षराला हसू नकोस. दुसरीच्या पुढे मला कोणी बसवलं नाही, आणि आता डोळ्यांपुढे सारखा धूर असल्यासारखं वाटतं.

आधी कामाचं लिहितो. शिवरात्र दहा दिवसांवर आली. परवा दुपारी उत्तरेला ढग उभा राहिला आणि त्यातून ताशा वाजला. गावात कोणाच्या कानावर आला नाही, पण मी ऐकला. गारांची वरात निघाली आहे. मला तुझा ठावठिकाणा पाहिजे. तू हट्ट्यातच आहेस की आणखी कुठे निघून गेलीस?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तू ठाऊक नसल्यासारखी वागतेस. गारपगाऱ्याला वरात थांबवता येत नाही, वळवता येते. मारुतीपुढे उघड्या अंगाने उभं राहायचं, ढगाकडे तोंड करायचं आणि एका शिवाराचं नाव एका दमात घ्यायचं. वरात तिथे उतरते. तिथलं पीक झोडपते, आणि अंगाला हळद न लागलेलं जे कोणी उघड्यावर सापडेल त्याला उचलून आपल्यात चालायला नेते. मागे ओले कपडे राहतात, त्यात एक गार राहते. हे मी केलेलं नाही, माझ्या बापानेही केलेलं नाही. मी फक्त नाव घेतो, म्हणून गाव जेवतं आणि मला सुगीला माझा वाटा मिळतो.

आता तूच सांग, तू कुठल्या शिवारात आहेस हे कळलं नाही तर मी कोणतं नाव घेऊ?

जाताना ओट्यावर उभी राहून तू म्हणालीस, "तू बाप न्हाईस. तांड्यातला होता म्हणून वरातीला दिलास तू त्याला." अर्धं गाव ऐकत होतं. गोजरे, कोल्ह्याच्या माळाचं नाव मी दरसाल घेत आलो. तिथे पीक नाही, माणूस नाही. तुझा तो लालसिंग गेल्या साली त्या दिवशी ढोरं घेऊन तिकडे चढला हे मला कसं कळणार? माझी माळाकडे पाठ होती. नाव घेताना गारपगाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. मला दिसलं नाही. एवढंच आहे, याच्यापुढे विचारू नकोस.

उलट टपाली गावाचं नाव कळव.

तुझा बाप,
सटवाजी


धोंडवाडी
चैत्र शुद्ध द्वितीया, सन १९३९

गोजरे,

तुझं कार्ड मिळालं. मला मिळण्याआधी गावाला मिळालं, कारण टपालवाल्याने ते चावडीत मोठ्याने वाचलं. "बापा, तू खोटारडा आहेस." असलं लिहायचं होतं तर पाकीट तरी घ्यायचंस.

हो, मी खोटं लिहिलं. मी तुझं गाव विचारलं तर तू उलट मलाच विचारलंस, वरात कुठे उतरवणार? मी लिहिलं, पूर्णेच्या वाळूत. तू तीन दिवस त्या वाळूत उघड्यावर बसलीस. मी कोल्ह्याच्या माळाचंच नाव घेतलं. त्याआधी पहाटे माळ स्वतः पालथा घातला, एक शेळीसुद्धा ठेवली नाही. बापाने पोरीला वाचवलं तर तो खोटारडा?

आणि सखुबाईने माझ्या जिवाला निराळा घोर लावला. निरोप पाठवते की पोरीची काळजी करू नका, मी तिला हळद लावली. शेजारच्या लग्नात मागून येऊन तुझ्या दोन्ही गालांना फासली म्हणे, आणि तू हौदात तोंड बुडवून बसलीस. मी तिला शंभरदा सांगितलं की हळद स्वतःच्या लग्नाची लागते. तर म्हणते, "हळद ती हळद, दाजी. ढगाला काय कळून राहिलं कुणाच्या लग्नाची हाय ते!" अशी माणसं आहेत, आणि त्यांच्या भरवशावर मी तुला ठेवलं आहे.

तू पुढे लिहितेस की यापुढे मी जे नाव लिहीन ते सोडून दुसरीकडे जाशील. म्हणजे मी काय करायचं? खरं लिहिलं तर तू खोटं समजशील. खोटं लिहिलं तर तू ओळखशील आणि दुसऱ्या शिवारात जाऊन बसशील, आणि नेमकं त्याच शिवाराचं नाव माझ्या तोंडून गेलं तर? काल रात्रभर हेच उलटंपालटं करत होतो. डोकं चालत नाही. माझ्या बापाला सहा लेकरं होती, त्याला एकाचाही असा ताप झाला नाही.

घरी ये. भांडायचं तर घरी भांड.

सटवाजी


धोंडवाडी
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सन १९४२

गोजरे,

सेनगावाकडचा माणिकराव म्हणून एक आहे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. दारू नाही, विडी आहे. त्याला मी सगळं सांगितलं. गारपगाऱ्याला नाथबाबा म्हणायची रीत, तसा तो म्हणतो, "नाथबाबा, पोरगी नांदली तर आनंद, न्हाई नांदली तर तिची मर्जी." असा माणूस सध्या मिळत नाही. मी तुला संसार कर असं म्हणत नाही. एक दिवस हळद लावून घे, पाटावर बस, मग हवं तर दुसऱ्या दिवशी निघून जा. वरात मग तुला हात लावू शकत नाही. मी सुखाने कोणतंही नाव घेईन.

हे मी मागेही लिहिलं होतं. तू उत्तरात एकच ओळ लिहिलीस, "हळद लागली तर तो मला नेणार कसा?" ती ओळ वाचली आणि मी पुन्हा स्थळं बघायला निघालो.

आणखी एक, मागच्या सालचं. ढग डोक्यावर आला आणि माझ्या तोंडून नाव निघेना. तू गोरेगावच्या बाजूला दिसल्याचं कोणी सांगत होतं, कोणी म्हणे माळाखालच्या वस्तीवर. हे नको, ते नको करता करता उशीर झाला. शेवटी पैनगंगेच्या पात्राचं नाव घेतलं, पण वरातीचं शेपूट तोवर आपल्या हरभऱ्यावर येऊन गेलं होतं. माणूस गेलं नाही, हरभरा गेला. उत्तमराव पाटलाने चावडीसमोर मला उभं केलं.

"काहून सटवाजी, झोप लागली व्हती काय?"

मी म्हणालो, "पोरगी कुठं हाय ते कळंना, पाटील."

"तुमची एक पोरगी, आमचं सारं शिवार. बराबर हाय! मग औंदाचा वाटा बी त्या ढगालाच मागा."

सगळे हसले. त्यांचं तरी काय चुकलं? मी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन भिंतीशी भांडत बसलो.

तू विचारलंस, वरातीत तो दिसतो का. माझे डोळे गेले आहेत, पोरी. ताशे ऐकू येतात. बाकी सगळं पांढरं दिसतं.

माणिकरावाचं कळव. तो पौषापर्यंतच थांबेल.

सटवाजी


धोंडवाडी
फाल्गुन वद्य षष्ठी, सन १९४६

गोजरे,

तू हट्टा सोडून वारंगा फाट्याला सडकेची खडी फोडायच्या टोळीत गेलीस हे सखुबाईकडून कळलं. मला कळवायचं नव्हतंच, हे समजलो. पत्र टोळीच्या मुकादमाच्या नावाने टाकतो आहे. ओलं फडकं डोळ्यांवर बांधत जा, कपच्या उडतात.

परवा लालसिंगाची आई मिराबाई आली होती. आठ वर्षांत ती आपल्या ओट्यावर चढली नव्हती. काखेत मडकं होतं. खाली ठेवलं आणि म्हणाली, "बघ."

मडक्यात भुसा होता. भुशात त्याच्या कपड्यांत सापडलेली गार होती. तू पाहिलीस तेव्हा ती लिंबाएवढी होती. आता हरभऱ्याच्या दाण्याएवढी आहे. वरातीत गेलेल्याची गार लगेच वितळत नाही हे मला ठाऊक होतं. ती वर्षावर्षाला झिजते, आणि संपली की तो तिथूनही संपतो, हेही मला ठाऊक होतं. तुला मी ते सांगितलं नव्हतं.

मिराबाई म्हणाली, "नाथबाबा, तुझ्या पाया पडते, आता खोटं बोलू नको. दिसतो काय?"

मी भुसा पुन्हा गारेवर लोटला.

"म्हातारा झालास. खोटं घेऊन कुठं जाशील?"

"दिसतो," मी म्हणालो.

ती रडली नाही. तिने विचारलं, "जेवल्यासारखा दिसतो काय?"

मी म्हणालो, व्हय. तिने मडकं उचललं आणि गेली. तिला सांगितलं म्हणून तुलाही सांगतो. नाहीतर तिच्याकडून तुला कळेल आणि तू पुन्हा कार्ड पाठवशील.

मला तो दरसाल दिसतो. माझे डोळे जवळचं बघण्यापुरते गेले, लांबचं अजून बघतात. पुढे ताशेवाले, मग मोकळी घोडी, तिच्यावर कोणी नाही. मग नेलेली माणसं, चार-चारच्या ओळीत, पायात काही नाही. तो शेवटून दुसऱ्या ओळीत असतो. पहिल्या साली त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या सालापासून ओळ सोडून कडेला येतो, ढगाच्या काठावर वाकतो, आणि विचारतो, "नाथबाबा, गोजरा कुठं हाय?"

दरसाल हेच विचारतो. त्याला दुसरं काही सुचत नाही.

आणि मला त्याला उत्तर देता येत नाही. त्या वेळी माझ्या तोंडून ज्या गावाचं नाव निघेल तिथे वरात उतरते. मी म्हणालो असतो की हट्ट्याला आहे, तर वरात हट्ट्यावर गेली असती. म्हणून मी दात आवळून धरतो आणि पैनगंगेच्या पात्राचं नाव घेतो. तो ते नाव ऐकतो, आणि सगळ्यांबरोबर तिकडे उतरतो, आणि वाळूत तुला शोधतो. मी पाठमोरा उभा असतो, तरी मला कळतं.

खालून तू मला विचारतेस तो कुठे आहे, वरून तो विचारतो तू कुठे आहेस, आणि मध्ये मी. मला या कामाला जन्माला घालताना कोणी विचारलं नाही.

तो बावीस वर्षांचाच आहे. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

सटवाजी


धोंडवाडी
माघ वद्य अष्टमी, सन १९४८

गोजरे,

गाव रिकामं झालं. रझाकारांच्या धास्तीने माणसं पैनगंगा उतरून पलीकडच्या मुलखात गेली. आधी बायका-लेकरं गेली, मग गुरं, मागच्या सोमवारी उत्तमराव गेले. गाडी माझ्या दाराशी उभी करून म्हणाले, "चला सटवाजी, बसा वर. ढगाला वळवता, बंदूक वळवता येते काय?"

मी म्हणालो, "तुमी व्हा पुढं. ढग आला तर इथं कोणी नको काय?"

"कोणासाठी? ज्वारी काढायला आता भूतं येणार हायेत?" गाडी थोडी पुढे गेली, मग ते परत उतरून आले आणि भाकरीचं गाठोडं ओट्यावर ठेवून गेले. इतकी वर्षं मला शिव्या दिल्या त्या माणसाने.

म्हणजे यंदा मला कोणाचं पीक राखायचं नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. दोन दिवस मी नुसता हिंडत होतो. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं होतं, ते आता नीट लिहितो.

त्या दिवशी मी ढगाकडे तोंड करून नाव सुरू केलं होतं. "कोल्ह्याचा" एवढं म्हणून झालं होतं, "माळ" राहिलं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "माळावर माणूस हाय! तांड्यातला लालसिंग हाय!" मी स्पष्ट ऐकलं. मला दिसलं नाही हे खरं आहे, पण मी ऐकलं.

अर्धं घेतलेलं नाव गिळता येतं. गिळलं तर वरात गारपगाऱ्याच्याच घरावर येते, आढं फोडून. माझी आत्या तशीच गेली, माझ्या आज्याने नाव गिळलं म्हणून. आणि तू घरात होतीस. जात्यावर बसली होतीस, तुझं गाणं मारुतीपर्यंत ऐकू येत होतं.

माझा दम संपत आला होता. मी "माळ" म्हणालो.

हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे गेला. त्यापेक्षा बापावर चिडलेली बरी, असं मी ठरवलं. चिडलेलं माणूस जेवतं तरी. दहा वर्षं मी याच्यावर स्वतःला शहाणा समजत आलो.

आणि आणखी एक आहे, तेही आता लपवत नाही. तो तांड्यातला आहे, एकदाची ब्याद जाईल, हेही त्याच दमात माझ्या मनात येऊन गेलं. किती आलं आणि तुझ्यासाठीचं किती होतं, हे मला निवडून सांगता येत नाही. मी पुष्कळदा निवडायला बसलो. निवडता येत नाही.

नदी उतरायच्या आधी मिराबाई मडकं माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "वाटेत हिसके बसतील, तुझ्याकडं गार राहील." काल मी भुसा बाजूला करून बघितलं. बराच वेळ सापडलीच नाही. मग बोटाला लागली. राळ्याच्या दाण्याएवढी आहे. पुढच्या सालापर्यंत ती राहणार नाही. म्हणजे यंदा तो वाकून विचारेल ते शेवटचं.

यंदा मला त्याला उत्तर द्यायचं आहे.

म्हणून पुन्हा तेच विचारतो जे दहा वर्षं विचारत आलो, तू कुठे आहेस? आजवर ते गाव टाळायला विचारत होतो. आता ते नाव घ्यायला विचारतो आहे. फाट्याच्या सडकेवर नको, तिथे टोळीतल्या पोरी आहेत, त्यांना हळद लागलेली नाही. धास्तीने ओस पडलेली गावं सध्या खूप आहेत. त्यातलं एक निवड. शिवारात दुसरं कोणाचं लेकरू नाही हे स्वतः फिरून बघ, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. पीक उभं असेल तर असू दे, ते तसंही जायचंच आहे.

शिवारात दगडी देऊळ असलेलं गाव बघ. माझ्या आज्याने नाव गिळलं तेव्हा वरातीने फोडलेलं ते मातीचं माळवद होतं, आणि ते गारपगाऱ्याचं घर होतं. दुसऱ्या कुठल्या छपराखाली वरात शिरत नाही, देवळात तर नाहीच. देवळाच्या दारात आतल्या बाजूला उभी राहिलीस तर तो तुला दिसेल, तू त्याला दिसशील, बोलता येईल, आणि वरात उंबऱ्याच्या आत हात घालू शकणार नाही. हे मी तुला दहा वर्षांत सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते तुला कळत असेल. तू आत थांबणार नाहीस असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

तू तिशीची झालीस. तो तुला ओळखेल की नाही याची धाकधूक तुला असेल. ओळखेल. दरसाल विचारणारं माणूस ओळखतं.

मी तुला बाहेर ये असं म्हणत नाही. बापाच्या हाताने ते लिहवत नाही. आत थांब असंही लिहीत नाही, कारण आजवर मी लिहिलेलं तू कधी ऐकलं नाहीस, आणि ऐकावंस असं मी काही लिहिलंही नाही. उंबरा तुझ्यापुढे असेल. मी इकडे पाठमोरा असेन.

टपालवाला अजून हिंगोलीहून सोमवारी येतो, कधीपर्यंत येईल ते त्यालाही ठाऊक नाही. ढग उत्तरेला जमू लागला आहे. सोमवार दोनच उरले असं धर. तुझं पत्र आलं नाही तर मी पात्राचं नाव घेईन आणि तो वाळूत उतरेल, मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही.

जास्त काही लिहू नकोस. बरी आहेस की नाही तेही नको. नुसतं गावाचं नाव लिही, मोठ्या अक्षरात, सुटं सुटं. मला ते न अडखळता एका दमात म्हणता आलं पाहिजे.

सटवाजी